लेलंडच्या गुडघ्याचं अपील

लेलंड स्टिडहॅमने एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि एवढ्या वर्षांत ब्रेक दाबायचा म्हणून त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. पाय आपोआप जायचा. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मात्र पाय गेलाच नाही.

केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत रस्ते एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असेच असतात. बसमध्ये अकरा मुलं होती. वळण घेतलं तर समोर झाड आडवं पडलेलं. लेलंड उजवा पाय उचलायला गेला आणि गुडघ्याच्या आत काहीतरी अडकलं. पाय जिथे होता तिथेच राहिला. त्याने डावा पाय आडवा टाकून ब्रेक दाबला, हाताचा ब्रेक ओढला, आणि बस तिरकी होत थांबली. पुढचं चाक कडेच्या खडीत होतं. खडीच्या पलीकडे काही नव्हतं.

मुलांना काही कळलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "मिस्टर लेलंड, उशीर झाला तर गणिताचा तास बुडेल का?"

"बुडेल असं दिसतंय," लेलंड म्हणाला. आवाज स्वतःचा वाटत नव्हता.

त्याच दिवशी त्याने किल्ल्या परत केल्या. चोपन्न वर्षांचा माणूस, घरी येऊन गाडीतच अर्धा तास बसून राहिला. बायको रोवीना दारात आली तेव्हा त्याने तिला एवढंच सांगितलं, "पाय ऐकत नाही आता."

तो पाय पहिल्यांदा बिघडला तो सैन्यात. लेलंड एकोणिसाव्या वर्षी भरती झाला आणि पॅराशूटने उड्या मारणाऱ्या तुकडीत गेला. चुलतभावाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं की, हा शिडीवर चढला तरी घामाघूम होतो, हा काय विमानातून उडी मारणार. तेवढ्यावरून गेला. चार वर्षांत सदतीस उड्या मारल्या. गुडघा दुखावला तो नवव्या उडीत, आणि तेव्हापासून तो कधी पूर्ण बरा झालाच नाही. पुढे एका पायावर भार देऊन चालण्याची सवय लागली तसा खुबाही धरला. पण तो डॉक्टरकडे गेला नाही. तुकडीतलं कुणीच जायचं नाही. डॉक्टरकडे गेलं की उड्या बंद, आणि उड्या बंद झाल्या की बराकीत तोंड दाखवायची सोय नाही.

माजी सैनिकांच्या खात्याकडे अपंगत्वाचा अर्ज करायला रोवीनानेच त्याला पिटाळलं. वर्षभराने उत्तर आलं: सांध्याची झीज दिसते, पण ती सेवेतल्या दुखापतीमुळे आहे याचा पुरावा नाही. अर्ज नामंजूर. अपील करायचं असल्यास वर्षाच्या आत करावं.

गावच्या कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. आठवड्यातून दोन दिवस तिथे इमोजीन कॉडिल नावाची बाई बसायची आणि माजी सैनिकांचे अर्ज फुकट भरून द्यायची. ती स्वतः नौदलात कारकून होती. वय सत्तरच्या पुढे, चष्मा दोरीला बांधलेला, जिभेला हाड नाही.

"तुझी फाईल वाचली," ती म्हणाली. "चार वर्षांत दोनदा सर्दी आणि एकदा दाढ. तू सैन्यात होतास की आजोळी?"

"आम्ही डॉक्टरकडे जायचो नाही, मॅडम."

"माहितीय. तुम्ही सगळे मर्द होतात. आता सगळे मर्द माझ्या दारात रांग लावून बसतात आणि एकालाही खुर्चीतून धड उठता येत नाही." तिने कागद पुढे सरकवला. "सही कर. तुझी अख्खी नोंद मागवते. वैद्यकीयच नाही, सगळी. कधी कधी भलत्याच फायलीत सोनं सापडतं."

लेलंडने सही केली. सगळी नोंद म्हणजे काय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पाच महिन्यांनी इमोजीनचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "ये ताबडतोब. सोनं सापडलं."

टेबलावर एका जुन्या कागदाची प्रत होती. वर तारीख, ऑक्टोबर १९८७. खाली हुद्दा आणि सही, प्रायव्हेट एल. स्टिडहॅम. अक्षर त्याचंच, एकवीस वर्षांच्या पोराचं, उजवीकडे झुकलेलं.

"वेंडेल बॉइकिन नावाचा तुझा सोबती त्या दिवशी जखमी झाला," इमोजीन वाचत म्हणाली. "अपघाताची चौकशी झाली आणि तुझा जबाब घेतला. तू म्हणतोस, वाऱ्याचा झोत आला, दोन्ही छत्र्या एकमेकींत गुंतल्या, तीस फुटांवरून दोघेही खाली आदळलो. अरे बाबा, हे आधी का नाही सांगितलंस? तू पडलास याचा सरकारी कागद आहे हा!"

त्याने टेबलाची कड धरली.

"गुडघा दुखतोय का?" इमोजीनने विचारलं.

"हो," तो म्हणाला. गुडघा तेव्हा दुखत नव्हता.

"आता फक्त पडल्यावर तुझा पाय कसा होता हे पाहिलेला माणूस हवा. हा बॉइकिन जिवंत आहे का बघ. त्याचं पत्र मिळालं तर सुनावणीत आपली बाजू भक्कम. आणि हो, सुनावणीत शपथ घेऊन बोलायचं असतं, तेव्हा ही सगळी हकीकत नीट आठवून ठेव."

तो बाहेर आला आणि गाडीत बसून त्याने खिडकीची काच वर केली. थंडी नव्हती. तरी केली.

त्या दिवशी वारा नव्हता. ही गोष्ट जगात फक्त त्याला माहीत होती, निदान पस्तीस वर्षं तो तसं धरून चालला होता.

पुढचे काही आठवडे लेलंडने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. पोस्टाची गाडी वळणावर आली की तो मागच्या दाराने बाहेर पडायचा. खोटा जबाब दिला म्हणून पकडतात का? इतक्या वर्षांनी? सैन्यातून सन्मानाने सोडल्याचा दाखला काढून घेतात का? गुडघा स्वतःच्या चुकीने गेला असं ठरलं तर अपील तर बुडालंच, वर गावात नाव जाईल. त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं की, खातं माणसं पाठवून लपून फोटो काढतं; पाय दुखतो म्हणणारा गवत कापताना दिसला की संपलं. त्याने लाकडं फोडणं बंद केलं. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागला. एकदा फाट्यावर पांढरी गाडी उभी दिसली तर तो दिवसभर पडदे ओढून घरात बसला.

"अरे, तो विजेचं मीटर वाचणारा आहे," रोवीना म्हणाली. "दर महिन्याला येतो. मागल्या वर्षी तूच त्याला ताक दिलंस."

"गाडी बदललीय त्याने."

"बदलली असेल. त्यात पडद्याला काय झालं?"

तिने पुढे विचारलं नाही. पण चार दिवसांनी गाडीच्या खणात टायरची पावती शोधताना तिला एक पाकीट सापडलं. तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला. आत दोन ओळी: मी माझं अपील मागे घेत आहे, कृपया पुढे काही करू नये. लेलंड स्टिडहॅम.

लेलंड स्वयंपाकघरात मक्याचा पाव आणि घेवड्याची वाटी घेऊन बसला होता. रोवीनाने पाकीट त्याच्या वाटीशेजारी ठेवलं.

"दीड वर्ष माझं डोकं खाल्लंस," ती म्हणाली. "कण्हत उठतोस, कण्हत बसतोस. आणि हे? कुणाला घाबरतोस तू?"

लेलंडने चमचा खाली ठेवला. मग त्याने सांगितलं.

त्याला उंचीची भीती होती. पहिल्या उडीपासून होती. विमानाच्या दारात तो डोळे मिटायचा, आणि छत्री उघडल्याचा झटका बसला की उघडायचा. छत्री उघडली की चहूकडे बघायचं, आणि आपल्या खाली कुणी असेल तर दोऱ्या ओढून बाजूला व्हायचं, ही जबाबदारी वरच्याची. हे पहिल्या दिवशी शिकवतात. नवव्या उडीला झटका बसला तरी त्याने डोळे उघडले नाहीत. उघडताच येईनात. खालून कुणीतरी ओरडत होतं. मग एकदम पोटात खड्डा पडला. तो बॉइकिनच्या छत्रीवरून गेला होता. खालच्या छत्रीवरून गेलं की वरच्याची हवा जाते. त्याची छत्री चिरगुटासारखी गळाली, तो बॉइकिनच्या छत्रीवर घसरला, तिच्यात गुंतला, आणि दोघे मिळून खाली आदळले. बॉइकिनचा डावा खांदा आणि हात मोडला. त्याची सैन्यातली नोकरी तिथेच संपली.

"आणि मी लिहिलं, वारा आला," लेलंड म्हणाला.

रोवीना खुर्ची ओढून बसली. "लग्नाला तीस वर्षं झाली. मला नाही सांगितलंस."

"कुणालाच नाही."

"त्या माणसाला?"

"त्याला कसं सांगणार? हॉस्पिटलात भेटायलाही गेलो नाही मी."

रोवीनाने पाकीट उचललं, तिकिटाचा कोपरा नखाने अलगद सोडवला, तिकीट फ्रिजवर चिकटवलं आणि पाकीट चुलीत टाकलं. "तिकीट वाया कशाला घालवायचं," ती म्हणाली. "पत्ता शोध त्याचा. गाडी मी चालवते. तुझ्या पायाचा मला भरवसा नाही."

वेंडेल बॉइकिन साउथ कॅरोलायनात एका छोट्या गावात खुर्च्या आणि सोफ्यांना नवं कापड चढवायचं दुकान चालवत होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी दुकान उघडं असतं." सात तासांचा रस्ता. वाटेत दोनदा लेलंडने गाडी थांबवायला लावली आणि उतरून उलटी केली. रोवीना म्हणाली, बिस्किटं शिळी असतील. बिस्किटांचा दोष नाही, हे तिलाही कळत होतं. दुकानासमोर पोचल्यावर लेलंड एकटाच उतरला. रोवीना गाडीतच थांबली.

बॉइकिन दाराकडे पाठ करून एका खुर्चीला खिळे मारत होता. उजव्या हातात हातोडी. डावा हात कोपरापासून खाली चालत होता, वरचा दंड अंगाला चिकटलेला. केस पूर्ण पांढरे.

"स्टिडहॅम," मागे न वळता तो म्हणाला. "तुझ्या पायांचा आवाज फरफटत येतोय."

"हो. गुडघा."

"उजवा."

"तुला आठवतं?"

बॉइकिन वळला. त्याने हातोडी ठेवली नाही. "माफी मागायला आलास की सही मागायला?"

सात तास लेलंडने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "सही मागायला," तो म्हणाला. "माफी मागायची मला भीती वाटत होती."

"निदान हे तरी खरं बोललास." बॉइकिनने पायाने एक स्टूल पुढे ढकललं. "बस. पडशील नाहीतर."

लेलंड बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी वारा नव्हता, वेंडेल."

"मला सांगतोस? मी खाली होतो. गळा फाटेपर्यंत ओरडलो, उजवीकडे घे, उजवीकडे घे. आणि तू डोळे गच्च मिटून, तोंड वाकडं करून येतोयस. मला वाटलं, हा प्रार्थना करतोय. म्हटलं, अरे, प्रार्थना नंतर कर, आधी दोरी ओढ!"

लेलंडने मान वर केली. "तू पाहिलंस? मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? हात टांगलेला, औषधाची गुंगी. साहेबाने तुझा कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, हेच ना? कर सही." बॉइकिनने हातोडी खाली ठेवली. "नंतर तीन वर्षं मी रोज तुला शिव्या घातल्या. मुलगी झाली तेव्हा तिला या हाताने उचलता येईना, त्या दिवशी सगळ्यात जास्त. मग कामाच्या रगाड्यात कमी झालं. गेलं नाही, कमी झालं. यातलं मी काही माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण आणखी एक पाहिलं मी. मी पडलो होतो, तोंडात माती, हात कुठेय कळत नव्हतं. तू दहा पावलांवर होतास. उभा राहायला गेलास आणि कोसळलास, पुन्हा गेलास, पुन्हा कोसळलास. मग कोपरांवर सरपटत माझ्याकडे आलास. पाय मागे उलटा पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. गाडी येईपर्यंत माझं डोकं धरून बसलास. गाडीवाल्याने विचारलं, तुझं काय, तर म्हणालास, काही नाही, मुरगळलंय."

लेलंडला हे आठवतच नव्हतं. त्याला फक्त डोळे मिटलेले आठवत होते.

"लिहून देईन," बॉइकिन म्हणाला. "पण जे पाहिलं ते सगळं. डोळे मिटलेले होते तेही."

त्याने कापड कापायच्या टेबलावर उभ्याने दोन पानं लिहिली, सही केली आणि घडी न घालता हातात दिली. दारापर्यंत सोडायला आला नाही.

इमोजीनने पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही.

"पहिलं पान तुला बुडवू शकतं," ती म्हणाली. "दुसरं तारू शकतं. आणि कात्री लावता येणार नाही. दोन्ही द्यायची, नाहीतर एकही नाही."

"पहिल्या पानामुळे तुरुंगात घालतात का?"

"माझ्या अंदाजाने नाही. पण मी वकील नाही, आणि न्यायाधीशाच्या मनात काय येईल ते मला सांगता यायचं नाही."

"म्हणजे भीती आहे."

"आहे," इमोजीन म्हणाली.

"पाठव दोन्ही," तो म्हणाला, आणि ती विचार बदलायला वेळ देईल म्हणून घाईने बाहेर पडला.

सुनावणी पुढच्या वर्षी झाली. जिल्ह्याच्या गावी एका छोट्या खोलीत पडदा होता आणि पडद्यावर दूरच्या शहरातली न्यायाधीश बाई. करडे केस, शांत चेहरा. शेजारी इमोजीन. लेलंडने हात वर करून शपथ घेतली. शर्ट पाठीला चिकटला होता. पहिली वीस मिनिटं गुडघा, खुबा, जिने, बस याच गोष्टी झाल्या. मग बाईंनी एक कागद उचलला.

"मिस्टर स्टिडहॅम, १९८७ च्या जबाबात तुम्ही वाऱ्याचा झोत म्हणता. मिस्टर बॉइकिन वेगळंच लिहितात. खरं काय?"

टेबलाखाली इमोजीनने त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"वारा नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "माझे डोळे मिटलेले होते."

"मग तसं का लिहिलं नाहीत?"

"घाबरलो. मी तेव्हा उंचीला घाबरायचो, आणि मी घाबरतो हे कळेल याला त्याहून जास्त घाबरायचो. माझ्यामुळे त्याचा हात गेला." एवढं बोलून त्याला थांबता येईना. "आजही घाबरलोय, मॅडम. माझ्या पायात आत्ता जोर नाही, तो गुडघ्यामुळे नाही."

पडद्यावरच्या बाईने काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "पडल्यानंतर तुम्हाला उभं राहता येत होतं का?"

"नाही."

"किती दिवस लंगडत होतात?"

तेवढंच. डोळ्यांबद्दल पुन्हा एक शब्द नाही. बाहेर व्हरांड्यात लेलंड भिंतीला टेकून म्हणाला, "त्या रागावल्याही नाहीत. म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे आता वाट बघायची," इमोजीन म्हणाली. "आणि माझा बूट सोड. तूच माझ्या पायावर उभा आहेस."

वाट बघण्यात उन्हाळा गेला. मग हुकूम आला: अपघात झाला हे अपील ऐकणाऱ्या बोर्डाने मान्य केलं होतं. सैनिकाची चूक झाली, पण ते जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन नव्हे, असं एका वाक्यात लिहिलं होतं. ते वाक्य लेलंडने रोवीनाला तीनदा वाचायला लावलं. पण निकाल लागला नव्हता. आताची झीज त्या पडण्यामुळेच आहे का, हे ठरवायला नवी तपासणी होणार होती.

तपासणीच्या खोलीत एका मध्यमवयीन बाईने त्याचा पाय पाटावर घेऊन प्लास्टिकचा कोनमापक गुडघ्याला लावला. "वाकवा. दुखायला लागलं की सांगा."

लेलंडने वाकवला. दुखायला लागलं. त्याने दात आवळले आणि आणखी वाकवला, तुकडीत वाकवायचा तसा.

"इथे दुखतं?"

"नाही," तो म्हणाला. बाईने आकडा लिहायला पेन उचललं, आणि त्याला दरदरून घाम फुटला. आपण पुन्हा तेच करतोय. "थांबा," तो म्हणाला. "खोटं बोललो. दुखतं. मघापासून दुखतंय. याच्या निम्म्यावर होतो तेव्हापासून."

बाईने पेन खाली ठेवलं. "पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "सावकाश."

निकालाचं पाकीट मार्चमध्ये आलं. लेलंडला ते फोडता येईना. रोवीनाने भाजीच्या सुरीने फोडलं. गुडघा मान्य. खुबा अमान्य: वयोमानाने झालेली झीज. रोवीना रडली. लेलंड बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि त्याने बॉइकिनला फोन लावला.

"गुडघा मान्य झाला," तो म्हणाला. "तुझ्या पत्रामुळे."

"बरं," बॉइकिन म्हणाला. मागे हातोडीचे ठोके चालू होते, ते थांबले. "मला पुढच्या महिन्यात खांद्याचं ऑपरेशन करायचंय. नवा सांधा बसवणार. भूल देतात त्याची मला धास्ती वाटते."

लेलंड म्हणाला, "मी येऊ का? बाहेर बसेन नुसता."

"सकाळी सहाला नेतात," बॉइकिन म्हणाला. "उशीर करू नकोस."

ऑपरेशन नीट पार पडलं. तिथून आल्यावर लेलंड इमोजीनच्या खोलीत गेला. तिने खुब्याच्या अपिलाचा फॉर्म आधीच काढून ठेवला होता.

"आणखी दीड वर्ष लागेल," ती म्हणाली. "पुन्हा तपासणी, पुन्हा शपथ. जमेल का तुला?"

"या खुब्याने मी कुठे पळणार आहे?" लेलंड म्हणाला, आणि त्याने पेन मागितलं.